नंदे, आजोबाला सांग

शिवरंजनीला सासऱ्याला एक गोष्ट विचारायची होती आणि त्यासाठी तिच्याकडं सात किलोमीटर होते.

बोरटाकळी ते पालम गाडीवाटेनं सात किलोमीटर. सडकेनं अकरा, पण सडकेवरच्या ओढ्याच्या पुलाचं काम दिवाळीपासून चालू होतं आणि एसटी गावात यायची बंद झाली होती. मोटरसायकलवाले ओढ्यातूनच पाणी उडवत जायचे. महालिंगअप्पांकडं मोटरसायकल नव्हती. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केल्यावर, गाडी आपली आपण चालवायची असते ही कल्पना त्यांना पटत नसे.

विचारायची गोष्ट अशी. लग्नाआधी शिवरंजनीची नर्सिंगची दोन वर्षं गंगाखेडला झाली होती. तिसरं वर्ष लग्नात आणि बाळंतपणात राहून गेलं. आता कॉलेजनं कळवलं होतं की शुक्रवारी दुपारी एकच्या आत अर्ज आणून द्या, सोमवारपासून वर्गात बसा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाईल. आज शुक्रवार होता. नवरा मल्लेश पुण्याकडं कंपनीत. तो फोनवर म्हणाला होता, "माझी काई ना न्हाई. पन पोरगी दिवसभर कोन बघनार? अप्पाला विचार." सासूचे, म्हणजे उमादेवीचे, दोन्ही गुडघे गेलेले. रांगत्या पोरीमागं धावणं तिच्याच्यानं होणार नव्हतं. राहता राहिले महालिंगअप्पा. साठी उलटलेले, ताठ, एकच पेपर दिवसातून दोनदा वाचणारे.

अडचण इतकीच होती, की शिवरंजनी आणि महालिंगअप्पा एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण नव्हतं. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलू नये असा नियम त्या घरात कुणी केला नव्हता, फक्त तो मोडायला कुणी सुरुवात केली नव्हती. पहिली पावणेदोन वर्षं निरोपांची ने-आण उमादेवीनं केली. मग दहा महिन्यांपूर्वी राजनंदिनी झाली, घरात तिची नंदी झाली आणि हे काम तिच्याकडं गेलं. "नंदे, आजोबाला सांग च्या झालाय." "नंदे, आईला सांग साखर जरा कमी घालत जा." नंदी दोन्हीकडचं ऐकून घ्यायची, लाळ गाळायची, आणि निरोप जसाच्या तसा पोचायचा. उमादेवी मध्ये स्वतःचं काहीतरी घालायची. नंदी काही घालत नसे. त्यामुळं घरातलं बोलणं सुधारलं होतं.

"तुमीच विचारा की आत्या," शिवरंजनी आदल्या दिवशी म्हणाली होती.

"मी न्हाई विचारनार," उमादेवी गुडघ्याला तेल चोळत म्हणाली. "उद्या ते बँकेत चाललेत. तूबी निघालीस. संगं चालत जा. दोन तास कुठं पळून जातेत ते? आनि एक ध्यानात ठेव, न्हाई म्हनले तर लगेच न्हाई समजू नको. त्यांचं न्हाई लय लवकर निघतंय. त्याला कारन हाय."

"काय कारन?"

"ते त्यांनी सांगावं," असं म्हणून उमादेवीनं तेलाच्या बाटलीचं बूच लावलं.

बँकेतलं काम म्हणजे हयातीचा दाखला. दर नोव्हेंबरात पेन्शनवाल्यानं समक्ष जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवायचं असतं. अप्पांनी गेल्या वर्षी ते व्यवस्थित दाखवलं होतं, तरी बँकेला पुन्हा बघायचं होतं.

साडेसातला ते निघाले. अप्पा तीस पावलं पुढं, हातात कागदांची पिशवी. मागं शिवरंजनी, डोक्यावर पदर, कडेवर नंदी आणि खांद्याला दुसरी पिशवी. तिच्यात अर्ज, गुणपत्रिका, डब्यात मऊ खिचडी, चार लंगोट आणि एक खुळखुळा. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, त्याच्यात तुरीच्या ओळी पिवळ्याधमक. दवानं वाट दबून बसली होती, धूळ उडत नव्हती. नंदीनं एका बगळ्याकडं बोट दाखवलं. मग दुसऱ्या बगळ्याकडं. तिसरा बगळा आला तेव्हा तिला शंका आली आणि तिनं आईकडं बघितलं.

"तोबी बगळाच हाय," शिवरंजनी म्हणाली.

पहिला किलोमीटर तिनं वाक्य जुळवण्यात घालवला. वाक्य लांब होत होतं. नंदीमार्फत लांब वाक्य पाठवायची सवय नव्हती. आजवर सगळ्यात लांब निरोप गॅस संपल्याचा होता. तिनं पावलं उचलली, अंतर दहा पावलांवर आणलं आणि सुरू केलं, "नंदे, आजोबाला विचार, सोमवारपासून..."

"कोन हाय?" कपाशीतून आवाज आला.

आबासाहेबांच्या पार्वतीबाई कंबरेला कापसाची झोळी बांधून उभ्या राहिल्या. त्यांचं शेत वाटेला लागून होतं आणि वाटेवरून जाणारा कुणीही त्यांच्याशी बोलल्याशिवाय पुढं जाऊ शकत नसे.

"महालिंगअप्पा, शरनार्थी," त्यांनी हात जोडले. "सूनबाईला घेऊन कुठं?"

"शरनार्थी. पालमला," अप्पा म्हणाले.

"चालत? पोरगी दमंल की तुमची."

अप्पांनी नंदीकडं बघितलं. "नंदे, आईला विचार, दमली का म्हनावं."

"नंदे, सांग, न्हाई म्हनावं," शिवरंजनी म्हणाली.

पार्वतीबाईंनी एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं. मग झोळीवर हात ठेवून त्या सावकाश म्हणाल्या, "महादेवाच्या देवळातबी असंच असतंय बाई. नंदीच्या कानात सांगायचं, आन तिकडं पिंडीला कळतंय. बरी सोय केलीय तुमी. पन देवळातला नंदी दगडाचा असतोय, त्याला झोप येत न्हाई."

त्यांनी नंदीच्या हातात एक कोवळं वाळूक दिलं, तिला दात किती आले ते बोट घालून मोजलं, मल्लेशला बढती मिळाली का विचारलं, आणि वीस मिनिटांनी सोडलं.

वाळूक चोखून चोखून नंदी दमली. कापूस संपून माळ लागला, माळ संपून वनखात्याचं रान सुरू झालं, आणि सावली अंगावर येताच तिनं आईच्या खांद्यावर गाल टाकला. शिवरंजनीला खांद्यावर गरम ओल लागली. लाळ होती. आता हिला तासभर तरी कुणी उठवू शकत नव्हतं.

पार्वतीबाईंच्या बोलण्यात तथ्य होतं.

झोपलेल्या पोरीमार्फत बोलता येत नाही. येईल म्हणा, पण मग ते सरळ सासऱ्याशीच बोलणं झालं, पोर नुसती नावाला. शिवरंजनीनं हे चालता चालता दोन्ही बाजूंनी तपासून बघितलं. अप्पांनीही बहुतेक तपासलं असावं, कारण मागं आवाज का नाही हे बघायला ते थांबले, वळले, नंदीकडं बघितलं आणि मग शेजारच्या सागाच्या झाडाला म्हणाले, "झोपली वाटतं."

साग काही बोलला नाही. अप्पा जरा ओशाळले आणि घाईनं चालायला लागले. तिथंच वाटेला दोन फाटे होते. घाईत ते डाव्या फाट्यानं गेले.

पालमची वाट उजवी होती. झाडांच्या शेंड्यांवर पालमचा मोबाईलचा टॉवर उजवीकडं स्पष्ट दिसत होता. डावी वाट नुसती रानात जात होती. शिवरंजनी फाट्यावर उभी राहिली. अप्पा लांब चालले होते. हाक मारायची म्हणजे काय म्हणून मारायची? अडीच वर्षांत तिनं त्यांना कुठल्याही नावानं हाक मारली नव्हती.

ती खोकली.

अप्पा चटकन थबकले आणि आणखी भरभर चालायला लागले. घरात ओसरीवरून आत येताना ते स्वतः असंच खोकायचे. त्याचा अर्थ, बायांनो सावरून बसा, मी येतोय. सुनेच्या खोकल्याचा अर्थ त्यांनी त्याच हिशोबानं लावला, की तिला पोरीला अंगावर पाजायचं असेल, आपण लांब व्हावं. ते इतके लांब झाले, की तिला मागं पळावं लागलं.

रान फार सुंदर होतं. हे मान्य करायला हवं. ऊन पानांतून तुकड्या-तुकड्यानं खाली येत होतं. सीताफळीच्या झुडपांवर शेवटची, पाखरांनी पोखरलेली फळं होती. गवत पिवळं पडून गुडघ्याएवढं झालं होतं आणि त्याची कुसळं साडीच्या काठात रुतत होती. एक रोही, नीलगाईचा नर, वाटेच्या मधोमध उभा होता. त्यानं अप्पांना जाऊ दिलं, शिवरंजनीला जाऊ दिलं, आणि ही माणसं इकडं कुठं चालली म्हणून मागून बघत राहिला. नंदी आईच्या मानेत श्वास सोडत होती. दर श्वासाला वाळकाचा वास येत होता. एरवी शिवरंजनीनं इथं मुद्दाम बसून घेतलं असतं. आज टॉवर आधी शेजारी आला, मग पाठीमागं गेला, मग दिसेनासा झाला आणि नऊ वाजून गेले.

वाट संपली तिथं वनखात्यानं आडवा चर खणला होता, माणूसभर खोल. पलीकडं तारेचं कुंपण. अप्पा चराच्या काठावर जाऊन उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. शिवरंजनी वीस पावलं मागं उभी राहिली.

अप्पांनी घसा साफ केला. तोंड चराकडंच ठेवून, सगळ्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "गाडी पुढं जानार न्हाई. सगळ्यांनी उतरून घ्यावं."

एक होला फडफडत उडाला.

हा आवाज शिवरंजनीनं घरात कधी ऐकला नव्हता. पण तिनं तो लगेच ओळखला. हा कंडक्टरचा आवाज होता. एकतीस वर्षं हा माणूस रोज शेपन्नास बायांशी बिनदिक्कत बोलत आला होता. बाई आत सरका, बाई पाटी वर ठेवा, बाई लेकरू मांडीवर घ्या. त्यांत कुणी त्याची सून नव्हती. सगळ्या प्रवासी होत्या.

तिनं पदर नीट केला. "कंडक्टरसाहेब," ती म्हणाली, "दुसरी गाडी कधी हाय?"

अप्पांचे खांदे खाली आले. पण ते वळले नाहीत. "कुठं जायचं बाई तुमाला?"

"पालमहून गंगाखेड."

"मंग वाट चुकली ते सांगायचं न्हाई का?"

"पोरगी झोपली होती."

"बराबर हाय," अप्पा म्हणाले. हे कारण त्यांना पुरेसं वाटलं. "मलाबी कळलं होतं. टावर मागं गेला तवाच."

"मंग वळला का न्हाई?"

"वळलो असतो तर तुमी समोर."

हेही कारण पुरेसं होतं.

"एकच्या आत पोचायचं हाय," शिवरंजनी म्हणाली. "अर्ज द्यायचाय. नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलंय माझं."

"मंग द्या की."

"देते. पन लेकरू दहा महिन्याचं हाय. सकाळी आठला निघायचं, संध्याकाळी सहाला यायचं. तवर त्याला कोन बघंल?"

"घरात कोन कोन हाय?"

"सासू हाय. तिचे गुडघे दुखतेत. सासरे हायत. रिटायर झालेत."

"काय करतेत?"

"पेपर वाचतेत."

"वाचू द्या."

"दोनदा वाचतेत."

अप्पांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "त्यांना विचारलं का?"

"विचारायलेय."

"न्हाई म्हनतेल ते," अप्पा म्हणाले. न्हाई खरंच लवकर निघालं. शिवरंजनीला सासूचं बोलणं आठवलं आणि ती तशीच उभी राहिली. तिनं फक्त नंदीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"कारन काय सांगतेल?" तिनं विचारलं.

अप्पा चराकडंच बघत बोलले. आवाज आता कंडक्टरचा राहिला नव्हता.

"मल्लेश तीन वर्साचा होता. मागं लागला, मी बी येतो गाडीत. नेलं. मागच्या शिटावर बसवलं. दोन फेऱ्या केल्या. संध्याकाळी ड्यूटी संपली, हिशोब दिला, घरी आलो. हातपाय धुतले. ताटावर बसलो. ही म्हनाली, पोरगं कुठंय?" ते थांबले. "मागच्या शिटावर झोपलं होतं. मी उतरलो, दुसरा कंडक्टर चढला, गाडी लोह्याला गेली. पोरगं लोह्याला जाऊन परत आलं. ड्रायव्हरनं त्याला पेढा दिला होता. सगळ्या वाटंनं रडलं न्हाई म्हनं. मला बघितलं आन रडलं."

शिवरंजनीनं हे मल्लेशच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्याला माहीत नसावं.

"तवापासून हिनं माझ्या हातात लेकरू दिलं न्हाई," अप्पा म्हणाले. "मीबी मागितलं न्हाई."

"किती वर्सं झाली?"

"सत्तावीस."

"त्याच्यानंतर काई इसरलात?"

अप्पांनी प्रामाणिकपणे विचार केला. "छत्री. दोन येळा."

अप्पांना धीर द्यायला शिवरंजनीला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण जे सुचलं ते सगळं खोटं होतं. तीन वर्षांचं पोर मागच्या सीटवर विसरणं ही काही छत्री नव्हती. दुसरीकडं तिचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत बधिर झाला होता, ही गोष्टही खरी होती.

"माझा हात आखडलाय," ती म्हणाली. "हिला धरा."

अप्पा वळले. अडीच वर्षांत पहिल्यांदा ते एकमेकांसमोर उभे होते, मधे फक्त एक झोपलेली पोर. त्यांनी दोन्ही हात पुढं केले, तळवे वर करून, जसं देवळात तीर्थ घेताना करतात तसे.

"तसं न्हाई. मानेखाली एक हात. हां. आता छातीला लावा."

ते परत फिरले. वाट अरुंद होती, त्यामुळं आता शिवरंजनी पुढं झाली आणि अप्पा मागं. शंभरेक पावलं गेल्यावर तिला जाणवलं की मागून पावलांचा आवाज येतोय, पण श्वासाचा येत नाही.

"श्वास घ्या," ती मागं न बघता म्हणाली.

"घेतला तर उठंल."

"न्हाई उठत."

मागून एक लांब श्वास ऐकू आला. मग प्रश्न यायला लागले. सत्तावीस वर्षं साठवल्यासारखे एकामागून एक. हिची मान अशी एका बाजूला पडलीय, ते बराबर हाय का? डोळे अर्धे उघडे हायत, झोपलीय का जागीय? टाळू अजून उडतेय, ती कधी भरंल? शिवरंजनी उत्तरं देत गेली. बराबर हाय. झोपलीय. दीड वर्साची होईस्तोवर. फाटा कधी आला ते दोघांनाही कळलं नाही, पण या खेपेला उजवी वाट धरली गेली.

पालमच्या स्टँडवर ते पोचले तेव्हा अकरा वाजले होते. गंगाखेडची गाडी अकरा वीसला होती. नंदी उठली होती आणि आजोबांच्या खिशातला पेन ओढत होती. शिवरंजनीनं तिला आडोशाला नेऊन पाजलं, लंगोट बदलला आणि कडेवर घेतलं. हिला गंगाखेडला घेऊन जायचं, असं तिचं सकाळपासून ठरलेलंच होतं.

"ठेवून जा," अप्पा म्हणाले. "बँकेत संगंच नेतो."

शिवरंजनीनं दुपटं नंदीभोवती आणखी घट्ट गुंडाळलं.

"मी इसरनार न्हाई असं म्हनत न्हाई मी. तसं मानसाला सांगता येत न्हाई." त्यांनी नंदीला गुंडाळलेल्या दुपट्याचं एक टोक तिच्या कंबरेभोवती घेतलं आणि बांधलं. दुसरं टोक आपल्या डाव्या मनगटाला गुंडाळलं आणि दातात धरून गाठ मारली. मग गाठीवर आणखी एक गाठ. "आता बघू."

दोघांच्या मधे दोन हात दुपटं उरलं होतं. नंदीनं ते तोंडात घातलं.

गाडी लागली. शिवरंजनीनं खिचडीचा डबा दिला, बारा वाजता भरवा म्हणाली, पाणी उकळलेलंच पाजा म्हणाली, खुळखुळा दिला, पुन्हा डबा काढून घेतला, झाकण घट्ट आहे का बघितलं आणि परत दिला. वाहकबाई दारातून ओरडत होत्या. खिडकीतून हात करायचा नाही असं तिनं ठरवलं, आणि केला. अप्पा हात करू शकले नाहीत. एका हातात पोर होती, दुसऱ्याला बांधलेली होती.

गाडी गावाबाहेर पडते न पडते तोच फोन वाजला.

"हॅलो. मी महालिंग बोलतोय."

"बोला अप्पा." ही हाक आपोआप आली.

"हाय," अप्पा म्हणाले. "पोरगी हाय."

"बरं."

दुसरा फोन निम्म्या वाटेत. "हाय अजून." मागून नंदीचं रडणं ऐकू येत होतं. शिवरंजनीच्या छातीत दूध भरून आलं. ब्लाउज ओला झाला, तिनं पदर ओढून घेतला. "रडायलीय का?"

"रडायलीय. मी बी काय करनार, गाडी दाखवायलोय. लाल हाय म्हनलं. ती बघंना." मग जरा वेळानं, "बघितली."

तिसरा फोन आला तेव्हा ती कॉलेजात होती, खिडकीसमोरच्या रांगेत, पुढं दोन मुली, भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा.

"गाठ सुटंना," अप्पा म्हणाले.

"कसली?"

"दुपट्याची. तिनं चोखून चोखून ओली केली, लय आवळून बसलीय. मला जरा पलीकडं जायचं हाय, आन हिला घेऊन तिथं जाता येत न्हाई. हाटेलवाल्या बाई म्हनतेत मी धरते पोरीला. मानूस चांगलं हाय. वळखीच्या हायत, माझ्या गाडीच्या पाशिंजर. पन गाठ सुटंना."

"कात्री मागा. कापा."

"तुझ्या आत्यानं शिवलंय. जुन्या लुगड्याचं."

"अप्पा, कापा म्हनते ना. घरी सतरा हायत."

पलीकडं थोडा वेळ कपबश्यांचा आवाज येत राहिला. पुढची मुलगी बाजूला झाली. खिडकीतल्या बाईंनी हात पुढं केला आणि शिवरंजनीनं फोन खांद्यात धरून अर्ज त्यांच्या हातात दिला.

"बरं, कापतो," अप्पा म्हणाले. "सोमवारपासून जरा मोठं दुपटं देत जा."